दिनकररावांची भूक आणि ट्रकचा काटा

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या समस्त यजमानांस, आचाऱ्यांस, वाढप्यांस, आणि विशेषतः येत्या हंगामात ज्यांच्या दारी मांडव पडणार आहे अशा वधूपित्यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शेवटच्या पंगतीनंतर एक पातेलं भात आणि एक परात जिलब्या झाकून ठेवण्याची पद्धत यापुढे बंद करण्यास हरकत नाही. ज्यांच्यासाठी ती चालू होती ते आमचे दिनकरराव, राहणार रोहा, सव्वा महिन्यापूर्वी वारले.

अशा घोषणा करणं हा माझा धंदाच आहे. पेणमध्ये माझं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान आहे. लग्न असो, पूजा असो, हरवलेली छत्री असो, मी माइक हातात घेतो आणि आवाज एक पट्टी खाली आणतो. दिनकरराव माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना माझा हा आवाज फार आवडायचा. समोर बसून मिशीत हसायचे. त्यांच्या जाण्याची बातमी आली तेव्हाही मी दुकानात एक नवा माइक तपासत होतो. फोन वाजला. पलीकडे सुमनताई होत्या, त्यांच्या पत्नी. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भावजी, निघून या. ह्यांनी चहा तसाच ठेवलाय." समोर आलेली कुठलीही वस्तू अर्धी टाकून या माणसाने कधी उठलेलं मी पाहिलं नव्हतं. मला दुसरं काही विचारावं लागलं नाही...

रोह्याला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि दबक्या आवाजात एकच चर्चा चालली होती, चार माणसांनी भागणार नाही, आठ लागतील. आठ लागलेच. त्यातल्या एकाने परतताना कंबर धरून "जाता जाता पण घाम काढला मामांनी" असं म्हटलं, आणि सगळे हसले. मीही हसलो. ते असते तर तेही हसले असते, आणि नेमकं त्यांचं ते हसणंच गेला महिनाभर मला छळतं आहे. आयुष्यभर या माणसाने आपल्या अंगावरचे विनोद पहिल्यांदा आपणच सांगून टाकले, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यांत गंमत उरू नये.

माझी त्यांची पहिली भेट मुलगी बघायच्या कार्यक्रमात झाली. मी मुलगा. समोर पोह्यांची बशी. सासूबाई दाराआडून बघताहेत, आणि भीतीने माझ्या घशाखाली एक दाणा उतरत नाही. शेजारी हे थोरले जावई, दोघांची जागा व्यापून बसलेले. त्यांनी आपली रिकामी बशी माझ्यापुढे आणि माझी भरलेली आपल्यापुढे इतक्या सफाईने केली की माझ्याही लक्षात यायला वेळ लागला. दाराआडून आवाज आला, "पोरगा नीट खातो हो." दिनकरराव माझ्या कानाशी म्हणाले, "ठरलं तुझं. आता लाडू येतील, त्यांचं पण मी बघतो." माझं लग्न त्या बशीवर जमलं असं मी अजून सांगतो, आणि माझी बायको अजून रागावते.

त्यांचं मूळ घर धरमतरच्या खाडीकाठी. वडील मिठागरात कामाला. पाऊस लागला की मिठागर बंद, आणि मग थेट दिवाळीनंतरच हाताला काम. हे चार-पाच महिने कसे जायचे ते दिनकरराव मजेत सांगत, पण मजेखाली काय होतं ते कळायचं. त्यांची आई पावसाळ्याच्या तोंडावर पोरांच्या दंडाला चिमटा घेऊन बघायची. बोटात मांस आलं तर निश्चिंत. नाही आलं तर शेजारणीकडून पेज मागून आणायची. "पोराच्या अंगावर असूदे गो," ती म्हणायची, "पावसात तेच कामाला येतं." पुढे लेकाला पगाराची नोकरी लागली, बारा महिने भात शिजू लागला, तरी म्हातारीने चिमटा सोडला नाही. बोटात न मावणारा दंड हा तिच्या लेखी देवाचा कौल होता. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ज्या घरात उपाशी दिवस पाहिलेले असतात त्या घरात चरबी ही कोठीतल्या भातासारखीच असते. ती कधी जास्त होते, आणि जास्त झाली की आतून काय करते, हे त्या माउलीला कुणी सांगायचं?

नोकरी होती रोह्याच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला लांबरुंद लोखंडी पाट, बाजूला खिडकीची केबिन, आत दिनकरराव. ट्रक रिकामा येतो, वजन होतं, माल भरून येतो, परत वजन होतं, पावती फाडायची. ड्रायव्हर हुज्जत घालायचे आणि दिनकरराव एकच वाक्य म्हणायचे, "काटा काय तुझा मेव्हणा नाय, खोटं बोलायला." त्या काट्यावर त्यांची श्रद्धा होती. पंचवीस टनांचा ट्रक निमूटपणे आपलं वजन सांगून जातो याचं त्यांना रोज नव्याने कौतुक वाटायचं.

पण दुसरे काटे त्यांना सहन होत नसत, आणि त्याला कारण होतं पेणच्या बाजारातलं. एकदा ते माझ्याकडे आले असताना भाताच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरून आम्ही चाललो होतो. तिथल्या हमालांनी गंमत म्हणून त्यांना पोती मोजायच्या काट्यावर चढवलं. एका बाजूला वजनं पडू लागली, दुसऱ्या बाजूला दिनकरराव हात जोडून उभे. बघता बघता गल्ली जमली. पोरं टाळ्या पिटू लागली, कुणी "अजून एक मण टाक" म्हणून ओरडलं, कुणी पैज लावली. दिनकररावांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, शेठकडून गुळाचा खडा मागून घेतला आणि हसत खाली उतरले. माझ्या घरी आल्यावर म्हणाले, "पाणी दे रे." मग तांब्या खाली ठेवून, "आता चार माणसांत काट्यावर चढणार नाय मी कधी." तो शब्द त्यांनी पाळला...

चाळिशी उलटली आणि शरीराने एकेक निरोप धाडायला सुरुवात केली. गुडघे बोलू लागले. रात्री असे घोरायचे आणि मधेच असा श्वास अडकायचा की सुमनताई उठून बसायच्या. मग दिवसा केबिनमध्ये पावती फाडता फाडता मान पडायची आणि ट्रकवाले हॉर्न वाजवून जागं करायचे. "माझ्या नोकरीत गजर फुकट हाय," असं त्यांचं म्हणणं. शेवटी पायाला लागलेलं एक साधं खरचटणं महिनाभर भरेना, तेव्हा ताईंनी त्यांना रोह्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, नुकताच दवाखाना टाकलेल्या. रक्तात साखर निघाली, दाबही वाढलेला. बाईंच्या वजनकाट्याची सुई शेवटच्या आकड्याला जाऊन टेकली आणि तिथेच थरथरत राहिली. बाई म्हणाल्या, "माझा काटा पुरत नाही काका, दुसरीकडे मोजून येत चला. पण वजन उतरायलाच हवं. ही पोटातली चरबी आहे ना, ती नुसती पडून नसते. ती रक्तात मिसळते, यकृतात जाते, साखरेचं औषध शरीराला लागू देत नाही, हृदयावर भार टाकते." दिनकरराव म्हणाले, "मोजायची काळजी नको. माझ्याकडे मोठा काटा हाय." बाईंनी मान हलवली. कुठला काटा, हे विचारायचं त्यांच्या मनात आलं नाही, आणि कुणाच्याच मनात आलं नाही.

तर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर दिनकररावांनी मनावर घेतलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोकांनी त्यांना पंगतीतलेच म्हणून लक्षात ठेवलं आहे. भात बंद. साखर बंद. सकाळी एक भाकरी, रात्री अर्धी, आणि पालेभाजी. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत चालत जायचे आणि धापा टाकत परत यायचे. सकाळी पहिला ट्रक यायच्या आधी केबिनमध्ये जायचे, लाल आकड्यांची पेटी खिडकीकडे तोंड करून ठेवायचे आणि लोखंडी पाटाच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी आकडा आला एकशे चाळीस. बघायला कुत्रंसुद्धा नाही. मला सांगताना म्हणाले, "एवढा मोठा पाट आणि वर मी एकटा. पहिल्यांदा वाटलं, मी लहान हाय."

महिना गेला. आकडा एकशे चाळीस. दुसरा महिना गेला. एकशे चाळीस.

आणि इकडे भूक वाढत होती. आधीची भूक पंगतीतली, हसरी होती. ही निराळी. सकाळी जाग यायची तीच भुकेने. ड्रायव्हरने डबा उघडला की केबिनमध्ये बसून त्यांना भाजीत लसूण किती आहे ते कळायचं. त्यांनी घरी सांगितलं की भूक वाढली आहे आणि वजन हलत नाही, आणि सांगून चूक केली. कारण या दोन्ही गोष्टी एकत्र ऐकल्यावर माणसं जो हिशेब करतात तोच सगळ्यांनी केला. हा चोरून खातो.

सुमनताईंनी तर लाडवांच्या डब्याला कुलूप घातलं. त्या कठोर नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांच्या वडिलांचा पाय साखरेने गेला होता. त्या माझ्या बायकोपाशी म्हणायच्या, "मी अर्ध्या भाकरीवर ठेवते गो, आणि हे काट्यावर बसून ट्रकवाल्यांकडचं खातात. नायतर उतरत कसं नाय?" नवरा हवा होता म्हणून त्या पहारा करत होत्या. आणि पहाऱ्यात असलेल्या माणसाचं म्हणणं कोण ऐकतं?

त्याच थंडीत कासूला ताईंच्या भावाच्या शेतावर पोपटी लागली. वालाच्या शेंगा तयार झाल्या की आमच्याकडे घरोघर हा बेत असतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, ओवा आणि मीठ. मडकं उपडं करून भोवती जाळ. शेतात संध्याकाळी तो वास सुटला की परका माणूससुद्धा सायकल थांबवतो. जावई म्हणून दिनकररावांना बोलावणं होतंच. मडकं उतरवलं, फोडणीसारखा वाफेचा लोट आला आणि मेव्हणा म्हणाला, "बसा भावजी, आज मडकं एक तुमचं, एक आमचं." दिनकरराव म्हणाले, "आज मी वाढपी." लोकांनी टर उडवली. "वाढप्याला पगार काय?", "पगार पोटातच जाणार त्याचा." दिनकरराव हसत हसत गरम मडक्यात हात घालून सगळ्यांना कोंबडी काढून देत राहिले. स्वतः शेवटी ओंजळभर शेंगा घेतल्या आणि बांधावर बसून एकेक दाणा सोलून, बराच वेळ तोंडात धरून खाल्ला. मी शेजारी बसलो होतो. म्हणाले, "साडू, माणसाला एवढी भूक लागावी का रे? माझ्या आयशीला पावसाळ्यात लागायची तशी लागते. घरात सगळं असून."

परत निघताना ताईंनी काय केलं, तर त्यांचा उजवा हात उचलून नाकाशी नेला. हाताला कोंबडीचा आणि भांबुर्ड्याचा वास येणारच होता. दिनकररावांनी हात तसाच राहू दिला. "ते वाढत होते" एवढं मी म्हणेपर्यंत ताई पुढे निघून गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मात्र त्यांना समजावून सांगितली, तेव्हा मी बरोबर होतो. त्या म्हणाल्या, अलीकडे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलंय की चरबी ही मुकी नसते. ती रक्तात एक द्रव्य सोडते, आणि ते मेंदूला जाऊन सांगतं की साठा पुरेसा आहे, भूक आवर. चरबी उतरायला लागली की हा निरोप क्षीण होतो. मेंदूला वाटतं, आला दुष्काळ. मग तो भूक दुप्पट करतो आणि शरीराला काटकसर लावतो. "आणि फार दिवस फार चरबी असली ना काका, तर निरोप भरपूर जातात, पण मेंदू ते ऐकेनासा होतो."

दिनकरराव लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमची चरबी रोज तार करते आणि मेंदूसाहेब सही करून घेत नाय."

बाई हसल्या. "तसंच काहीसं."

"म्हणजे बाई, ही भूक... हा माझा हावरटपणा नाय?"

"नाही काका. तुमच्या शरीराला तुम्ही उपाशी मरताय असं वाटतंय, म्हणून ते ओरडतंय. भूक एवढी वाढली आहे म्हणजे उलट वजन उतरत असणार. साखरही थोडी खाली आली आहे."

पन्नाशीला आलेल्या त्या अवाढव्य माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. शाळेत उगाच मार खाल्लेल्या पोराला मास्तरांनी जवळ घ्यावं, तसा तो चेहरा झाला. पण लगेच ते सावरले आणि मान हलवली. "साखर गोळ्यांनी उतरली असेल बाई. वजन नाय उतरलं. काटा खोटं बोलत नाय." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही नजरेत तो संशय येऊन गेला, चोरून खाण्याचा. दिनकररावांनी तो पाहिला. बाहेर येऊन चप्पल घालताना एवढंच म्हणाले, "चांगली हाय पोरगी. पण तिला पण पटलं नाय."

शिमग्यापर्यंत त्यांनी ओढलं. होळीच्या दिवशी पहाटे काट्यावर उभे राहिले. एकशे चाळीस. घरी आले, पाटावर बसले आणि ताईंना म्हणाले, "वाढ गो. चोर ठरलोच हाय, तर खाऊन तरी ठरू दे." ताईंनी रडत पुरणपोळी वाढली. त्या दिवशी त्यांनी किती खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही. त्यानंतर भाकरीचं नाव नाही, पुलापर्यंत चालणं नाही. पंगतीत ते पुन्हा हसू लागले, विनोद करू लागले, आणि आम्हा सगळ्यांना आमचे जुने दिनकरराव परत मिळाल्याचा आनंद झाला. लोक म्हणायचे, बघा, किती छान दिसतात, मध्ये उगाच उतरले होते तोंडाने. वजन वाढतच गेलं. त्या काट्यावर आकडाही वाढलेला दिसला असता, पण ते पुन्हा तिथे उभेच राहिले नाहीत. श्वास अडकणं वाढलं, पाय सुजू लागले, आणि दोन वर्षं पुरती व्हायच्या आत एका सकाळी चहा तसाच राहिला.

मला वाईट वाटतं ते जाण्याचं तर आहेच, पण त्याहून जास्त त्या चार महिन्यांच्या पथ्याचं. त्यांनी आयुष्यात सर्वांत कठीण असं काम केलं आणि तेच त्यांच्या खात्यावर कुणी धरलं नाही. खुद्द त्यांनीसुद्धा.

गेल्या आठवड्यात सुमनताईंना घेऊन मी वजनकाट्यावर गेलो. मालकांनी निरोप दिला होता की केबिनमध्ये दिनकररावांच्या वस्तू आहेत, घेऊन जा. छत्री, पाण्याची बाटली, खुर्चीवरची दबून पापडासारखी झालेली गादी. नवा माणूस जवळच्याच निडी गावचा, सभ्य. त्याने ताईंना खुर्ची दिली. तेवढ्यात बाहेर एक ट्रकवाला हुज्जत घालत खिडकीशी आला.

"तुझा काटा बिघडलाय. जॅक उतरवून ठेवला मी, तरी आकडा तोच."

"बिघडला नाय," नवा माणूस म्हणाला. "तुझा जॅक सात-आठ किलोचा. हा काटा दहा-दहाने बोलतो. मधलं त्याला कळत नाय."

ताईंनी गादीची घडी घालता घालता विचारलं, "मधलं म्हणजे?"

"म्हणजे ताई, समजा चार किलो वर असलं तरी तोच आकडा दाखवणार आणि चार किलो खाली आलं तरी तोच. सात-आठ किलो इकडचं तिकडे झालं तरी याला पत्ता नाय. ट्रकला काय फरक पडतो? पण माणसाचं वजन करायला नाय चालायचं."

मी ताईंकडे बघायचं टाळलं. ही गोष्ट दिनकररावांना माहीत नव्हती असं नाही. वर्षानुवर्षं तेच ड्रायव्हरांना हे सांगत आले असणार. पण ते ट्रकच्या बाबतीत. लोखंडी पाटावर एकटे उभे राहिले तेव्हा त्यांनी आकड्याकडे पाहिलं, आणि काट्याने सांगितलं ते मान्य केलं, ट्रक करतो तसं. निमूटपणे.

ट्रक पाटावरून खाली उतरला आणि पाट खडखडला. ताईंच्या हातातली गादी तशीच अर्धी घडी होऊन राहिली होती. मग त्या एकदम, बाहेरच्या ड्रायव्हरनेसुद्धा वळून बघावं एवढ्या मोठ्याने बोलून गेल्या,

"आणि मला वाटलं, ह्यांचा सदरा धुऊन धुऊन सैल झाला."